तीनशे लीड, सात गिऱ्हाईकं

प्रश्न: मी म्हापशाचा. दोन वर्षांपासून रिअल इस्टेट एजंटचं काम करतो, गोवा रेराची (स्थावर मालमत्ता नियामकाची) नोंदणी आहे. म्हापसा, थिवी, पेडणे भागातले ५० ते ६० लाखांचे टू बीएचके विकतो. परराज्यातल्या एका कंपनीकडून २५० रुपयांना एक अशा ३०० लीड (घर घेऊ पाहणाऱ्यांची नावं-नंबर) घेतल्या. जीएसटी धरून ८८,५०० रुपये गेले. सहा आठवडे फोन केले. ९६ नंबर लागलेच नाहीत किंवा भलत्याचे निघाले. ४१ जण म्हणाले, आम्ही कुठलाच फॉर्म भरलेला नाही. ५८ जणांना माझ्याआधी चार-पाच एजंटांचे फोन येऊन गेले होते. ६७ जणांना भाड्याने घर किंवा सुट्टीपुरता व्हिला हवा होता. ३१ जणांचं बजेट १५-२० लाखांचं. उरले सात. त्यातले दोघे जागा बघून गेले, पुढे काही नाही. वर माझ्या नंबरवर दोन तक्रारी झाल्या आणि मोबाइल कंपनीचा इशारा आला. आता तीच कंपनी म्हणते, ५०० रुपयांना एक अशा ३०० लीडचा ‘एक्सक्लुझिव्ह’ पॅक घ्या. घरचे नको म्हणतात. पण फोनच आले नाहीत तर धंदा कसा करू? पॅक घ्यावा का? पहिले पैसे परत मिळतील का? – एक एजंट, म्हापसा

उत्तर: पॅक घेऊ नका. पहिले सगळे पैसे परत मिळतील असंही वाटत नाही. काही लीड बदलून मिळतील, ते कसं हे पुढे सांगतो.

एक काम मात्र तुम्ही फार चांगलं केलंत. तीनशे फोनांचा वर्गवार हिशेब ठेवलात. बहुतेक जण ‘लीड फालतू निघाल्या’ एवढंच म्हणतात आणि दुसऱ्या कंपनीकडून पुढचा पॅक घेतात. तुमच्या सहा आकड्यांत कुठली लीड कुठे बिघडली ते दिसतं, आणि बहुतेकांचं मूळ एकाच जागी आहे. ज्या जाहिरातीखाली लोकांनी नंबर दिला, ती जाहिरात तुम्ही कधी पाहिलीच नाही. तो माणूस काय वाचून, काय समजून बसला आहे हे ठाऊक नसताना तुम्ही त्याला फोन लावत होता.

आधी न लागलेले ९६ घ्या. हे सगळे खोटे असतील असं नाही. कंपनीने एक्सेलची फाइल पाठवली असेल तर नंबरांचा रकाना नीट बघा. ९१ जोडून बारा आकडी झालेला नंबर एक्सेल ९.१९ई+११ अशा रूपात दाखवतं, आणि तशीच फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की मागचे आकडे जातात, त्यांच्या जागी शून्यं येतात. चार-पाच नंबरांच्या शेवटी ओळीने शून्यं दिसली तर हेच झालंय. मूळ फाइल पुन्हा मागा आणि रकाना ‘टेक्स्ट’ करून उघडा.

दुसरी गोष्ट खास आपल्या गोव्याची. इथे घर बघणाऱ्यांत परदेशी राहणारे गोंयकार पुष्कळ. फाइल साफ करताना अनेकदा देशाचा कोड उडवला जातो. इंग्लंडचा मोबाइल नंबर ४४ काढला की ७ ने सुरू होणारा दहा आकडी उरतो, म्हणजे हुबेहूब आपल्याकडच्या नंबरासारखा. तुम्ही तो भारतात लावता आणि फोन भलत्याच माणसाकडे जातो. दुबई-अबुधाबीचा ९७१ काढला की ५ ने सुरू होणारे नऊ आकडे उरतात. कुवेत, ओमान, कतार, बहारीनचे आठच उरतात. तुमच्या ९६ मधले आठ-नऊ आकडी नंबर आणि ७ ने सुरू होणारे चुकीचे नंबर बाजूला काढा, कोड जोडून व्हॉट्सअॅपवर बघा. नाव फाइलमधल्या नावाशी जुळलं तर ती लीड जिवंत आहे. इंग्लंडात स्विंडनला राहणाऱ्या माणसाला आपल्या रात्री नऊला फोन केला तर तो कामावर असतो. रविवारी दुपारी साडेतीन-चारला करा, तिथे सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात.

त्याच वेळी दुबार नंबरही काढा. शेजारच्या रकान्यात राइट सूत्राने प्रत्येक नंबराचे शेवटचे दहा आकडे घ्या आणि काउंटइफने मोजा. एकच माणूस एकदा शून्य लावून, एकदा ९१ लावून, असा दोनदा विकला गेलेला सापडतो. एका नंबराचे दोनदा पैसे देण्याचं कारण नाही.

‘आम्ही फॉर्म भरलाच नाही’ म्हणणारे ४१ जण खोटं बोलतात असं धरू नका. फेसबुकचा लीड फॉर्म उघडला की नाव, फोन, ईमेल प्रोफाइलमधून आपोआप भरलेलं येतं. दोनदा बोट लागलं की लीड तयार. सकाळी रांगेत उभं राहून रील बघणाऱ्याला संध्याकाळी ते आठवतही नाही, आणि प्रोफाइलमधला नंबर कधीकधी पाच वर्षांपूर्वीचा असतो. या फॉर्मचे मुख्य दोन प्रकार आहेत. ‘मोअर व्हॉल्यूम’मध्ये माहिती थेट जाते. ‘हायर इंटेंट’मध्ये पाठवण्याआधी ती पुन्हा तपासायचा एक पडदा येतो. दर लीडमागे पैसे घेणारा बहुधा स्वस्तातला, म्हणजे पहिला प्रकार वापरतो.

दुसरी शक्यता वाईट आहे: फॉर्म कधी भरलाच गेला नाही, कुठली तरी जुनी यादी विकली. हे ओळखायला एक सोपी खूण आहे. फेसबुकवरून उतरवलेल्या फाइलमध्ये नाव-नंबराबरोबर फॉर्म भरल्याची तारीख-वेळ, जाहिरातीचं नाव, फॉर्मचं नाव आणि फेसबुक की इन्स्टाग्राम, असे रकाने असतात. तुमच्या फाइलमध्ये नुसतं नाव आणि नंबर असेल तर बाकीचं कोणीतरी मुद्दाम काढून टाकलंय. त्या ४१ मधल्या पाच जणांची ही माहिती कंपनीकडे मागा. खरी लीड असेल तर पाच मिनिटांत मिळते.

आधीच चार-पाच एजंटांचे फोन आलेले ५८ हा प्रश्न ‘एक्सक्लुझिव्ह’ पॅकने सुटेल असं तुम्हाला सांगितलं गेलंय. तो शब्द करारात कसा लिहिलाय ते बघा. एक्सक्लुझिव्ह किती दिवस? सात दिवसांनी तीच लीड दुसऱ्याला गेली तरी कंपनी म्हणेल, करार पाळला. एक्सक्लुझिव्ह कशात? पेडण्यातल्या फ्लॅटसाठी तुम्ही एकटे, पण प्लॉटसाठी दुसरा, व्हिलासाठी तिसरा आणि होम लोनवाला चौथा, असंही निघतं. त्या माणसाच्या फोनवर मात्र चौघांचा मारा होतो.

शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा पारखून घ्या. नवं सिम घ्या, ज्याचा नंबर कोणाकडेच नाही. कंपनीला तिच्या चालू जाहिरातीची लिंक मागा आणि त्या फॉर्ममध्ये तो नंबर हाताने टाका. पुढचे ४८ तास कोणाकोणाचे फोन आणि मेसेज येतात ते वेळेसह वहीत लिहा. एकाचाच आला तर कंपनी शब्दाची पक्की. पाच जणांचे आले तर ५०० रुपयांची लीड प्रत्यक्षात २,५०० रुपयांना विकली जातेय आणि त्यातला पाचवा हिस्सा तुम्ही घेताय. कंपनी जाहिरातीची लिंकच देत नसेल, तर चाचणीची गरज नाही, उत्तर मिळालं.

आता ६७ आणि ३१, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. हे नंबर खरे, माणसंही खरी, फक्त तुमची नव्हेत. जाहिरातीत समुद्रकिनाऱ्याचा फोटो आणि ‘गोव्यात तुमचं स्वप्नातलं घर’ एवढंच असेल, किंमत नसेल, तालुका नसेल, तर भाड्याने घर शोधणारा, डिसेंबरसाठी व्हिला शोधणारा आणि वीस लाखांत फ्लॅट शोधणारा, सगळे एकाच फॉर्मवर येणार. त्यात ठिकाणाची गोम आहे. फेसबुकवर ‘गोवा’ निवडलं की गोव्यात राहणारे आणि नुकते गोव्यात येऊन गेलेले, दोन्ही धरले जातात. कळंगुटला चार दिवसांसाठी आलेला पर्यटक तुमच्या जाहिरातीच्या हिशेबात गोव्याचाच. गुगलवर मुळातली निवड अशी असते की गोव्याविषयी शोधणारा कुठलाही माणूस त्यात येतो. ती बदलून ‘त्या ठिकाणी असलेले’ करावी लागते, आणि दुसऱ्याच्या पैशांनी जाहिरात चालवणारा ती तसदी घेत नाही.

पैशांचं गणित कागदावर मांडा. ८८,५०० भागिले सात, म्हणजे एका खऱ्या चौकशीला तुम्ही १२,६४३ रुपये मोजलेत. दोन साइट व्हिजिट झाल्या, म्हणजे एकेक ४४,२५० रुपयांना पडली. ५५ लाखांच्या फ्लॅटवर दोन टक्क्यांनी तुमची दलाली १,१०,००० रुपये. तुमच्या वहीत बघा, किती व्हिजिटमागे एक सौदा होतो. समजा आठ, तर या दराने एका सौद्याला ३,५४,००० रुपये लागतील. नव्या पॅकचे दीड लाख आणि १८ टक्के जीएसटी मिळून १,७७,००० होतात. एक फ्लॅट विकला तरी ६७,००० चा तोटा. दुसरा विकला तर ४३,००० हाती, त्यातून पेट्रोल, फोन आणि तुमचे दोन महिने. तुमची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी नसेल, तर त्या १८ टक्क्यांची वजावटही मिळत नाही. शिवाय लीडचे पैसे आज रोख जातात, दलाली मात्र बिल्डर करार नोंद झाल्यावर आणि गिऱ्हाइकाचे हप्ते आल्यावर देतो. मध्ये चार-सहा महिने जातात. तरुण एजंट बुडतात ते या मधल्या काळात.

तक्रारींची गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत, पण मला सगळ्यांत काळजी तिचीच वाटते. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांनुसार साध्या दहा आकडी नंबरावरून नको असलेले धंद्याचे फोन केले की तुम्ही ‘नोंदणी नसलेले टेलिमार्केटर’ ठरता. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम कडक झाले. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई होते. पहिल्या वेळी पंधरा दिवस बाहेर जाणारी सेवा बंद. पुन्हा घडलं तर तुमच्या नावावरचे सगळे नंबर वर्षभरासाठी जातात आणि नाव काळ्या यादीत पडतं. दोन वर्षं ज्या नंबरावर गिऱ्हाईकं जोडलीत तो नंबर गेला तर पॅकचं नुकसान किरकोळ वाटेल.

म्हणून आजच त्या ४१ जणांचे नंबर वेगळ्या यादीत टाका आणि पुन्हा कधी फोन करू नका. ज्यांनी ‘फोन करू नका’ म्हटलं तेही तिथेच. कंपनी म्हणेल, आम्ही संमती घेतलीय. संमतीचं नेमकं वाक्य मागा. ‘आमचे भागीदार संपर्क साधतील’ असं मोघम वाक्य पुरेसं मानू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती ठरावीक कामासाठी, समजून दिलेली आणि मागे घेता येणारी हवी, असं तो कायदा सांगतो.

रेराचंही ध्यानात ठेवा. तुमच्यासाठी लीड गोळा करणाऱ्याने ‘मोपा विमानतळाजवळ १० लाखांत प्लॉट’ अशी जाहिरात केली आणि असा प्लॉट तुमच्याकडे नसेल, तर ‘मला ठाऊक नव्हतं’ हे उत्तर चालेल असं समजू नका. जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात होऊ देणं हा रेरा कायद्याच्या कलम १० मध्ये गैरव्यवहार धरला आहे. त्याचा दंड दिवसाला १०,००० रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. आणि उद्या कंपनी म्हणाली, ‘लीडचे पैसे नकोत, सौदा झाला की अर्धा टक्का द्या’, तर तिचा गोवा रेराचा एजंट नोंदणी क्रमांक विचारा. मोबदला घेऊन खरेदीदार आणि विक्रेत्याची गाठ घालून देणारा, मग माध्यम कुठलंही असो, कायद्याच्या व्याख्येत एजंटच असतो.

आता पैशांचं. करार किंवा बिलाच्या मागच्या अटी काढा आणि तीन गोष्टी शोधा: अवैध लीड कशाला म्हटलंय, तक्रार किती वेळात करायची, आणि बदल्यात पैसे मिळतात की नवी लीड. बहुधा ‘नंबर अस्तित्वात नसणं’ एवढंच अवैध धरलेलं असतं आणि मुदत ४८ तासांची असते. तुम्ही सहा आठवड्यांनी विचारताय. तरी विचाराच. तपासून उरलेले चुकीचे नंबर, दुबार नंबर आणि ते ४१, यांची यादी फोन केल्याच्या तारीख-वेळेसह ईमेलने पाठवा. फोनवर बोलू नका, बोललात तर त्याच दिवशी ‘आपलं असं बोलणं झालं’ म्हणून ईमेल टाका. बजेट कमी निघालेल्या ३१ जणांसाठी भांडू नका, ती बाजू तुमची कच्ची आहे. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे वाद नोंदवायची मुदत उलटली का ते विचारा. न्यायक्षेत्र दूरच्या शहराचं लिहिलं असेल तर वकिलाची नोटीस पाठवण्याआधी खर्च मोजा. आणि ‘एक्सक्लुझिव्ह पॅक घेतला तर जुन्या लीड बदलून देऊ’ ही बोली मुळीच मानू नका.

मग फोन कुठून आणायचे? छोटी जाहिरात स्वतः चालवा. दिवसाला ५०० रुपये, पंधरा दिवस, म्हणजे ७,५०० रुपये. फोटो त्याच इमारतीचा, मोबाइलने काढलेला चालेल, समुद्र नको. पहिल्याच ओळीत ‘थिवी, टू बीएचके, ५५ लाखांपासून’, प्रकल्पाचा रेरा क्रमांक आणि तुमचा नोंदणी क्रमांक. बिल्डरची लेखी परवानगी आधी घ्या. फॉर्म ‘हायर इंटेंट’, त्यात तीनच प्रश्न: स्वतः राहायला की सुट्टीसाठी, कधीपर्यंत घ्यायचं, कर्ज लागणार का. फोन नंबरासाठी ओटीपीची पडताळणी चालू करा. शहरं जाहिरातीच्या वेगवेगळ्या संचांत ठेवा: गोवा, बेळगाव-कोल्हापूर, पुणे-मुंबई. कुठून खरी माणसं येतात ते आठवड्यात कळतं. लीड कमी येतील. दहाच आल्या तरी घाबरू नका, किंमत वाचून आलेला माणूस फोनवर वेगळा बोलतो. फॉर्म आल्यापासून पाच मिनिटांत फोन करता येईल अशाच वेळी जाहिरात चालू ठेवा, आणि चवथीच्या (गणपतीच्या) दिवसांत ती बंद ठेवा.

इथला स्थानिक गिऱ्हाईक मात्र फॉर्म फारसा भरत नाही. तो बँकेतल्या कर्ज विभागात विचारतो, नाहीतर ज्याने गेल्या वर्षी फ्लॅट घेतला त्या मावसभावाला. तुम्ही आजवर ज्यांना घरं दिलीत त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाला एकदा भेटून या. त्यांच्या शब्दावर आलेल्या माणसाला तुमच्यावर विश्वास ठेवायला सांगावं लागत नाही.

पण त्याआधी ते सात जण. त्यांच्यासाठी ८८,५०० रुपये गेलेत आणि ‘पुढे काही नाही’ म्हणून तुम्ही त्यांना सोडून देताय. जागा बघून गेलेल्या दोघांना आज फोन करा आणि ‘काय ठरलं?’ असं न विचारता ‘कुठल्या कागदाची शंका राहिली?’ असं विचारा. बाहेरून येणाऱ्याला गोव्यातली मालमत्ता म्हटलं की धास्ती असते. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या कुळाचं) नाव लागलंय का, जमीन कोमुनिदादची (गावकीची) तर नाही ना, विकणाऱ्याच्या पत्नीची सही आहे का, हे तो तोंडावर विचारत नाही, नुसता गप्प होतो. एक फोल्डर तयार ठेवा: एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा), सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा दाखला), नगरनियोजन खात्याची मंजुरी, पंचायत किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, वकिलाचा टायटल रिपोर्ट, कराराचा मसुदा. सोबत एका पानावर एकूण खर्च: चटई क्षेत्र, किंमत, मुद्रांक आणि नोंदणी, सोसायटीची ठेव, आणि बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ५५ लाखांवर २,७५,०००. ऑक्युपन्सी (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळालेली असेल तर तो लागत नाही, तेही लिहा. बाकीच्या पाच जणांना हेच पान व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि त्यांना येत्या शनिवारी की रविवारी जागा बघायला यायला जमेल ते विचारा.